तीस घराण्यांचे सर

सरांना कोणी "कसे आहात?" विचारलं की ते घराण्याचा नंबर सांगायचे. "आज चौथं" म्हणाले की समजायचं, स्वारी मजेत आहे. चौथ्या घराण्यानं मोठे पिरॅमिड बांधले. "आज अठरावं" म्हणजे त्याहून मजेत, बायकोनं डब्यात भरली वांगी दिली आहेत. आणि "आज सातवं" म्हणाले की त्यांच्या वाटेला जायचं नाही, कारण प्राचीन इजिप्तच्या सातव्या घराण्यात म्हणे सत्तर दिवसांत सत्तर राजे होऊन गेले. मी शाळेत नवीन होते तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच सोमवारी मी आपलं गोड हसून विचारलं, "गुड मॉर्निंग सर, कसे आहात?" तर म्हणाले, "पंचविसावं." मी वळून कॅलेंडर बघितलं. अकरा तारीख होती. म्हटलं, झालं! पहिल्याच आठवड्यात वेडा भेटला.

वेडे नव्हते. म्हणजे होते, पण त्या वेडात एक शिस्त होती. मी शारजातल्या एका भारतीय शाळेच्या ऑफिसात आहे. पाटीवर 'सेक्रेटरी' लिहिलंय, पण फोन घेण्यापासून ओकणाऱ्या पोराला पाणी देण्यापर्यंत सगळं माझ्याकडेच. सर इतिहास शिकवायचे. मूळचे सातारा जिल्ह्यातले, उंच, काटकुळे, पँट कायम एक इंच आखूड. पुस्तकात इजिप्तला जेमतेम दीड पान होतं, आणि सर त्यावर दीड महिना घालवायचे. मग सिंधू संस्कृतीपासून पानिपतापर्यंत सगळं धावत पळत. पालक तक्रार करायचे. पण पोरांना मार्क पडायचे, त्यामुळे कोणाचं काही चालायचं नाही.

त्यांच्याकडे एक गुंडाळी होती. पूर्वी ऑफिसच्या प्रिंटरला दोन्ही कडांना भोकं असलेला सलग कागद लागायचा ना, त्याची. त्यावर सरांनी तीस घराण्यांचे राजे ओळीनं लिहिले होते, चार रंगांत. वर्षातून एकदा ती गुंडाळी पहिल्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये सोडायची. विज्ञानाच्या प्रयोगशाळेपासून सुरू होऊन मुलींच्या टॉयलेटपर्यंत इजिप्त पसरायचा. पोरं आपापल्या राजाशेजारी उभी राहायची आणि सर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जायचे. प्रत्येक राजापाशी थांबून दोनच प्रश्न विचारायचे. "हू सॅट डाउन? अँड हूज नेम वॉज रब्ड आउट?" कोण बसला, आणि कोणाचं नाव खोडलं? त्यांच्या मते इतिहासात एवढे दोनच प्रश्न आहेत, बाकी सगळं पाठांतर.

हजेरीचंही तेच. रोल नंबर एक म्हणजे पहिलं घराणं, तीस म्हणजे तिसावं. एकतीस नंबरचा पोरगा पर्शियन, आणि त्यापुढचे सगळे टॉलेमी, म्हणजे इजिप्तच्या गादीवर बसलेले ग्रीक. एकदा एक आई तणतणत माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, मेरी बेटी को सेव्हन्थ डायनेस्टी क्यों दिया? वो लोग तो सत्तर दिन में मर गए!" मी कसंबसं हसू दाबून तिला सरांकडे पाठवली. सरांनी तिला काय समजावलं देव जाणे, पण बाई परत आली ती "इट्स अ व्हेरी युनिक डायनेस्टी" असं म्हणत. माझ्या लेकीचा नंबर पंधरा. ते हिक्सोस, बाहेरून आलेले राजे, घोडे आणि रथ घेऊन आलेले. त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, ताट उचल. तर म्हणाली, "आई, आय ॲम अ फॉरेन रूलर." हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "अहो मॅडम, आपण सगळेच इथे हिक्सोस," ते म्हणाले. "फरक इतकाच, ते रथ घेऊन आले, आपण टिफिन घेऊन आलो. ते राज्य करायचे, आपण हजेरी घेतो."

हे वेड लागलं कसं, तर भिंतीमुळे. पंचवीस वर्षांपूर्वी शाळा सुरू झाली तेव्हा ती शाळा नव्हतीच, सहा खोल्यांचा एक व्हिला होता. आधीच्या इजिप्शियन भाडेकरूनं भिंतीवर राजांचा एक मोठा तक्ता तसाच सोडला होता, सगळा अरबीत. सरांना त्या खोलीत तिसरीचा वर्ग मिळाला. समोर रोज तक्ता दिसतो आणि वाचता येत नाही, याचा त्यांना राग यायचा. म्हणून ते अरबी अक्षरं शिकले, आणि शिकले ती राजांच्या नावांवरून. परिणाम असा की त्यांना खुफू वाचता यायचा, पण दुकानात 'ताक' वाचता यायचं नाही.

ही त्यांची अरबी ऐकून आमच्या उस्तादांचा जीव जायचा. उस्ताद म्हणजे शाळेतले अरबीचे शिक्षक, खुद्द इजिप्तचे, मन्सूरा गावचे. आता खरा इजिप्शियन माणूस शेजारच्या खुर्चीत बसलेला, पण त्याला घराण्यांचं सोयरसुतक नाही. त्याला फुटबॉल हवा, चहात चार चमचे साखर हवी, आणि शुक्रवारी झोप हवी. स्टाफरूममध्ये दोघांचं रोज जुंपायचं. उस्ताद म्हणायचे, "सर, हबीबी, व्हाय यू लव्ह फिरऔन? फिरऔन व्हेरी बॅड मॅन." फिरऔन म्हणजे त्यांच्या भाषेत इजिप्तचा जुना राजा, फेरो. सर म्हणायचे, "उस्ताद, विच वन? तीनशे होते. बॅड होते एक-दोन. लाइक प्रिन्सिपॉल्स." मग उस्ताद माझ्याकडे बघून हात वर करायचे. "खलास! धिस मॅन इज मोर इजिप्शियन दॅन माय फादर."

मी एकदा विचारलं, "सर, इथून विमानानं चार तास. एकदा जाऊन का येत नाही?"

"कशाला? तिथला गाइड चुकीचं सांगणार, मी भांडणार, आणि तुमच्या वहिनी मला पोलिस स्टेशनातून सोडवून आणणार. त्यापेक्षा इथून बरं दिसतं."

वहिनी म्हणजे सरांच्या मिसेस. शांत, ठेंगण्या, जिभेला मात्र धार. अल मजाजला शाळेनं दिलेल्या फ्लॅटमध्ये ते तिघं राहायचे. सर, वहिनी, आणि लग्नानंतर बऱ्याच उशिरानं झालेली एकुलती एक लेक. आम्हीही तिथेच, दोन बिल्डिंगा सोडून. त्यांच्या हॉलमध्ये हत्शेप्सुट राणीचं एक मोठं पोस्टर होतं. ही बाई राणी नव्हे, राजाच. खोटी दाढी लावून गादीवर बसली, वीस वर्षं राज्य केलं, पुंट नावाच्या देशाला जहाजं पाठवून धुपाची झाडं आणवली. ती मेल्यावर काही वर्षांनी तिच्याच सावत्र मुलानं देवळांमधून तिचं नाव छिन्नीनं तासून काढलं. सर दर गुरुवारी बाजारातून लोबान आणायचे आणि त्या पोस्टरसमोर जाळायचे. वहिनींना मी विचारलं, तुम्हाला चालतं हे? तर म्हणाल्या, "सवत आहे, पण मेलेली आहे. आणि तीन हजार वर्षांपूर्वी मेलेली आहे. एवढं चालवून घ्यायला हवं."

सर या राणीबद्दल बोलायला लागले की हळूहळू आमच्या शाळेच्या पहिल्या प्रिन्सिपॉल बाईंवर यायचे. मी त्यांना पाहिलेलं नाही, मी आले त्याच्या बऱ्याच आधी त्या गेल्या होत्या. पण सरांच्या तोंडून इतकं ऐकलं होतं की रस्त्यात भेटल्या असत्या तरी ओळखलं असतं. बाईंनी तो व्हिला शोधला. गॅरेजमध्ये लायब्ररी केली. बाथटबात नकाशे उभे करून ठेवले. ड्रायव्हर आला नाही त्या दिवशी स्वतः व्हॅन चालवत पोरं आणली. सरांना मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, "इतिहास का शिकवता?" सर म्हणाले, "भांडायला आवडतं." बाई म्हणाल्या, "उद्यापासून या."

तीन वर्षांनी मालकांना आपल्या पुतण्याला वरच्या खुर्चीत बसवायचं होतं. बाईंनी नाही म्हटलं. एका दुपारी त्यांच्या टेबलावर पत्र आलं, संध्याकाळी त्या गेल्या. शुक्रवारची सुट्टी संपली की पुतण्या. सर म्हणायचे, "गुरुवारी एक घराणं संपलं आणि शनिवारी दुसरं सुरू. इजिप्तलासुद्धा याहून जास्त वेळ लागायचा."

आता मी माझ्यावर येते, कारण यात माझाही हात आहे, आणि तो मी लपवणार नाही.

मागच्या वर्षी शाळेचं रौप्यमहोत्सवी वर्ष. मालकांनी ठरवलं, लॉबीत एक मोठा लाकडी बोर्ड लावायचा, त्यावर पितळी अक्षरांत सगळ्या प्रिन्सिपॉलांची नावं आणि साल. तीच यादी वेबसाइटवर. यादी टाइप करायचं काम माझं. मी जुन्या कागदांतून नावं काढली, पहिलं नाव बाईंचं टाकलं आणि वर पाठवली. यादी परत आली. बाईंच्या नावावर लाल रेघ, आणि पुतण्याचं साल मागे ओढून शाळेच्या पहिल्या दिवसापर्यंत नेलेलं. म्हणजे बाईंची तीन वर्षं पुतण्यानं गिळली. मी एक मिनिट बघत बसले. मग सुधारलं आणि सेंड केलं. नोकरी आहे बाबा, व्हिसा त्यांचा, लेकीच्या फीमध्ये सवलत त्यांची. कोण कशाला आ बैल मुझे मार करतंय?

बोर्डाचं उद्घाटन झालं, पाहुण्यांनी पडदा ओढला, टाळ्या पडल्या, समोसे झाले. गर्दी पांगल्यावर सर बोर्डासमोर उभे. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, पहिलं घराणं कुठे गेलं?"

"मला जे सांगितलं ते मी टाइप केलं, सर."

"हो. लेखनिक असंच म्हणतो. छिन्नी मारणाराही असंच म्हणतो."

मला इतका राग आला! आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांचे झेरॉक्सचे कागद शिपायाच्या हाती पाठवले. राग का, तर खरं बोलले म्हणून. दुसरं काय असणार?

पण गंमत अशी की सरही गप्प बसले. हे मला आणखी लागलं. ज्या माणसानं पोरांना पंचवीस वर्षं "कोणाचं नाव खोडलं" हे विचारायला शिकवलं, तो समोर खोडलेलं नाव बघून रोज लॉबीतून खाली मान घालून जात होता. मग एक दिवस ते आपणहून माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "जानेवारीअखेर मला साठ पूर्ण होतायत. मुदतवाढीचा फॉर्म वर गेलाय, मालकांच्या सहीला. पोरीची बारावी आहे, मार्चमध्ये परीक्षा. मला फक्त मार्च संपेपर्यंत हवंय." आणि पुढे म्हणाले, "राणीला नाव परत मिळायला तीन हजार वर्षं लागली. बाईंना मार्चपर्यंत थांबायला काय हरकत आहे?" मी म्हटलं, काहीच हरकत नाही सर. आमचा समेट झाला. दोघंही भित्रे, त्यामुळे चांगलं जमलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एक माणूस ऑफिसात आला. तिशी ओलांडलेला, दुबईकडच्या जबल अलीच्या एका गोदामात सुपरवायझर, अंगात कंपनीचं रिफ्लेक्टरचं जॅकेट तसंच. मूळचा दापोलीकडचा. माझं मराठी ऐकून त्याच्या जिवात जीव आला.

"मॅडम, माझा एवढा कागद बघा हो," म्हणाला, आणि प्लास्टिकच्या पिशवीतून आमच्या शाळेचा दाखला काढला. शाळा सोडल्याचा, तिसरीतला, व्हिलाच्या काळातला. त्याचे वडील इथे ड्रायव्हर होते. पोरगा नऊ वर्षांचा असताना त्यांनी बायकामुलांना गावी पाठवलं. पुढे पासपोर्ट काढताना एजंटनं जन्मतारीख चुकवली. इतकी वर्षं कोणी विचारलं नाही. आता त्याला एका मोठ्या कंपनीत सेफ्टी ऑफिसरची नोकरी लागली होती, आणि त्यांनी सगळी कागदपत्रं तपासायला दिली होती. पासपोर्टवर एक तारीख, डिग्रीवर दुसरी. खरी कोणती, हे सांगणारा सगळ्यात जुना कागद हा आमचा दाखला. तपासणाऱ्यांनी आमची वेबसाइट उघडली आणि मेल पाठवली: त्या साली तुमच्या शाळेचे प्रिन्सिपॉल अमुक होते असं तुमचीच यादी सांगते, मग या दाखल्यावर सही दुसऱ्याच बाईंची कशी? दाखला खरा आहे का, कळवा.

मी दाखला ओढून घेतला. दाखल्याखाली सही होती, निळ्या शाईत, ठसठशीत. बाईंची. जिचं नाव मी पुसलं होतं.

"मॅडम, महिन्याच्या आत उत्तर गेलं नाही तर ते मला बनावट कागदवाला म्हणून मार्क करणार," तो म्हणाला. "मग ही नोकरी पण गेली, नी हाय ती पण. कागद खोटा नाय हो माझा. इथलाच हाय."  मी त्याला पाणी दिलं, बस म्हटलं, आणि प्रिन्सिपॉलांच्या केबिनमध्ये गेले.

आमचे सध्याचे प्रिन्सिपॉल दिल्लीकडचे. माणूस वाईट नाही, पण मालकांचा फोन वाजला की उभं राहून बोलणारा. त्यांनी वर विचारलं. वरून आलं: बोर्ड बदलायचा नाही, यादी बदलायची नाही, 'सही आमच्या रेकॉर्डशी जुळत नाही' असं कळवा. जुनी रजिस्टरं? ती शाळा नव्या इमारतीत आली तेव्हा कुठल्याशा स्टोअरमध्ये गेली, आणि गेलीच. तेव्हा उरलं काय? व्हिलापासून आजपर्यंत शाळेत असलेला एकच माणूस. त्यांनी सरांना बोलावलं.

केबिनमध्ये आम्ही तिघं. टेबलावर टाइप केलेला कागद होता: अशी कोणी व्यक्ती या पदावर असल्याचं मला स्मरत नाही. खाली सहीची जागा. आणि त्याच्याच शेजारी, पेपरवेटखाली, सरांचा मुदतवाढीचा फॉर्म. तो तिथे चुकून राहिला होता की मुद्दाम ठेवला होता, ते मला आजही माहीत नाही.

"सर, बस दो लाइन," प्रिन्सिपॉल म्हणाले. "किसी पर इल्ज़ाम नहीं. आप ये थोड़ी कह रहे हैं कि वो नहीं थीं. बस, याद नहीं. उमर हो जाती है, आदमी भूल जाता है."

सरांनी आधी तो कागद वाचला. मग फॉर्मकडे बघितलं, बराच वेळ. मी त्यांच्या मनात मार्च मोजला जाताना बघत होते.  मनातल्या मनात मी म्हणत होते, करा सही. आणि लगेच, नका करू. अगदी खरं सांगते, दोन्ही म्हणत होते.

मग सर हसले. अगदी वर्गात हसायचे तसे.

"सर, मुझे तीन हज़ार साल के राजा लाइन से याद हैं," ते म्हणाले. "इस स्कूल का हर बच्चा जानता है. केजी का बच्चा भी. और आप लिखवा रहे हैं कि जिसने मुझे नौकरी दी, वो मैडम मुझे याद नहीं? मानेगा कौन? बस का कंडक्टर भी हँसेगा."

मला हसू फुटलं. प्रिन्सिपॉलांनाही फुटलं असतं, त्यांनी खोकून दाबलं. पण सर तोवर गंभीर झाले होते. "वो बाहर बैठा है ना, जैकेटवाला? तीसरी में मेरी क्लास में था. खिड़की के पास. उसको मैं कैसे बोलूँ कि तू था ही नहीं?" मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मॅडम, एक कोरा लेटरहेड द्या."

मी दिला. त्यांनी उभ्याउभ्याच लिहायला घेतलं, हातानं. या शाळेच्या पहिल्या प्रिन्सिपॉल कोण होत्या, कधीपासून कधीपर्यंत, ही सही त्यांचीच आहे, मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं शिकवलं आहे, हा विद्यार्थी माझ्या वर्गात होता. खाली सही, नाव, आजची तारीख. प्रिन्सिपॉल खुर्चीतून उठले. "मैं राउंड पर जा रहा हूँ," म्हणाले, आणि गेले. ना हो म्हणाले, ना नाही. जाताना दार मात्र हळूच लावून घेतलं.

शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये असतो. प्रिन्सिपॉलांच्या परवानगीशिवाय तो उठवायचा नाही, हे मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. माझा नवरा दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये नोकरीला, त्याचा पगार बरा, आम्ही काही उपाशी मेलो नसतो. हे मी तेव्हा स्वतःला दोनदा सांगितलं. मग ड्रॉवर उघडला आणि शिक्का असा हाणला की टेबलावरचा पेनस्टँड आडवा झाला. स्कॅन केलं आणि मेल लिहिली. त्यात सरांचं पत्र जोडलं, आणि खाली माझी एक ओळ घातली: आमच्या वेबसाइटवरची यादी अपुरी आहे, ती मी टाइप केली होती आणि पहिलं नाव सांगण्यावरून मी गाळलं. खाली माझं पूर्ण नाव. सेंड.

सर शेजारी उभे होते. "तुम्ही कशाला लिहिलंत?" म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही एकट्यानंच भांडायचं असं कुठे लिहिलंय का?"  मग बाहेर जाऊन सरांनी त्या जॅकेटवाल्याच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि विचारलं, "काय रे, अजून खिडकीबाहेरच बघतोस का?" तो बिचारा "सर!" एवढंच म्हणाला आणि भर ऑफिसात त्यांच्या पाया पडला.

त्याचं काम झालं. दोन आठवड्यांत नव्या कंपनीत रुजू झाला, मिठाईचा डबा घेऊन आला. वेबसाइटवरची यादी गुपचूप काढून टाकली गेली. बोर्ड आहे तसाच आहे. मला वॉर्निंग लेटर मिळालं, ते मी फ्रेम करणार होते, नवरा नको म्हणाला. आणि सरांचा फॉर्म पुढच्या गुरुवारी परत आला, सहीशिवाय. मॅनेजमेंटला मुदतवाढीची आवश्यकता वाटत नाही, एवढंच त्यात होतं. सरांनी तो माझ्यासमोरच वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "इंग्रजी मात्र चांगलं आहे." मी रडायला लागले तेव्हा मलाच ओरडले, "अहो, पोरं बघतायत!"

नोकरी गेली तसा शाळेचा फ्लॅटही गेला. तिघांनी भाड्याची जागा घेऊन इथे महिनोन्‌महिने राहणं शक्य नव्हतं. मी वहिनींना म्हटलं, पोरगी माझ्याकडे राहील, तिचा व्हिसा काय करायचा ते आम्ही बघतो. वहिनी नको नको म्हणत होत्या, मी ऐकलंच नाही. फेब्रुवारीत सर आणि वहिनी साताऱ्याला गेले. लेक माझ्या लेकीच्या खोलीत आली, सतरा वर्षांची, अबोल, कानात कायम हेडफोन. वडिलांबद्दल एक शब्द बोलायची नाही. फोन आला की "हो, नाही, जेवले" एवढंच. मला आतून भीती वाटायची. वाटायचं, हिला राग असेल. आणि असला तर तिचं काय चुकलं? बारावीचं वर्ष तिचं, किंमत तिनंच मोजलेली.

पहिल्या पेपरच्या दिवशी सकाळी मी तिला गरम पोळी वाढत होते. हॉलतिकीट, पेनं, पाण्याची बाटली, सगळं टेबलावर मांडलेलं. ती एकदम हेडफोन काढून म्हणाली, "आंटी, बाबांनी जस्ट 'आय डोन्ट रिमेंबर' साइन केलं असतं, तर आज ते मला सेंटरवर सोडायला आले असते ना?"

खोटं बोलायचं म्हटलं असतं तर सोपं होतं. "हो," मी म्हटलं. "आले असते."

"अँड दॅट मॅन? दाखलावाला?"

"त्याला खोटा ठरवून काढला असता. दोन्हीकडून."

तिनं पोळीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. चावत राहिली. मग उठली, हॉलतिकीट पाऊचमध्ये घातलं, बाटली उचलली आणि बूट घालता घालता म्हणाली, "देन इट्स ओके. मी बसनं जाईन. यल्ला, बाय आंटी."

मी लिफ्टचं दार लागेपर्यंत हसत हात हलवला. मग आत आले आणि लगेच साताऱ्याला फोन लावला. सरांनी पहिल्याच रिंगला उचलला, उशाशी घेऊनच बसले असणार. "गेली का?" म्हणाले.

"गेली," मी म्हटलं. "आणि सर, तिनं विचारलं. मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, देन इट्स ओके."

पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग वहिनींनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "काय सांगितलंस गं यांना? लहान पोरासारखे रडतायत."